पांढरी फुलं आणि रंगाची एक हलकी छटा : कामाच्या नोंदी

काम असं ठरवलं आहे: पांढऱ्या फुलांची सहा छायाचित्रं, छापून एका ओळीत लावता येतील अशी. चित्र जवळपास कृष्णधवल, फक्त चाफ्याच्या गाभ्यातला पिवळा आणि प्राजक्ताचा केशरी देठ तेवढा रंगात ठेवायचा. तोही दबका. बघणाऱ्याला आधी फूल दिसावं, रंग मागाहून लक्षात यावा. पूर्वी असे दोन-तीन प्रयत्न करून सोडून दिले होते, कारण दरवेळी फूल मेलेलं आणि रंग ओरडणारा असं काहीतरी हाती यायचं. या वेळी शेवटपर्यंत न्यायचं आणि काय चुकलं ते लिहून ठेवायचं.

सामान: एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा जुना कॅमेरा, अगदी जवळून मोठं टिपणारी १०० मिमी मॅक्रो लेन्स, ट्रायपॉड, ग्रे कार्ड (रंग जुळवायचा मध्यम करडा पुठ्ठा), काळा कार्डबोर्ड, ट्रेसिंग पेपर. संगणकावर डार्कटेबल (रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली, उघडायला) आणि गिंप (चित्रात फेरफार करायला).

३ सप्टेंबर

पहिला दिवस पूर्ण वाया. अकराच्या उन्हात चाफ्याखाली उभी राहून ८४ फ्रेम घेतल्या, एकही ठेवली नाही. निम्म्या फ्रेममध्ये फूल करडं, मळकं. उरलेल्यांत पाकळ्यांच्या जागी नुसता पांढरा ठसा. एकच फूल, एकच ऊन, दहा मिनिटांचं अंतर, तरी असं का, हे संध्याकाळी फोटो शेजारी-शेजारी लावल्यावर कळलं. फूल फ्रेमभर घेतलं तेव्हा कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरने त्या पांढऱ्याला मध्यम करडं धरून एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, कमी केलं. लांबून, मागे गर्द पानं ठेवून घेतलं तेव्हा पानांचा अंधार मोजून एक्स्पोजर वाढवलं. पानं सुरेख आली आणि फूल जळलं.

उन्हातल्या पाकळ्यांवर पडलेल्या काळ्याभोर सावल्या हा वेगळा प्रश्न. तो पुढच्या वेळी.

५ सप्टेंबर

आज फक्त एक्स्पोजर. कॅमेरा मॅन्युअलवर टाकला. फूल फ्रेम भरून असेल तर मीटर सांगतो त्यापेक्षा १.३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त, हे माझ्या कॅमेऱ्याला बरोबर बसतं. काळा कार्डबोर्ड मागे असेल तर उलट, एक स्टॉप कमी. हे आकडे दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर जसेच्या तसे लागू होतील असं नाही. चार-पाच फ्रेम घेऊन आपले आपण काढावेत.

दोन गोष्टींनी बराच वेळ खाल्ला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारा हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ असा उजेडाचा आलेख) रॉ फाइलचा नसतो, आतल्या जेपेगचा असतो. माझी पिक्चर स्टाइल (जेपेगचा रंग-उठाव ठरवणारी सेटिंग) भडक ठेवलेली होती, त्यामुळे तो हिस्टोग्राम उगाचच उजव्या भिंतीला टेकत होता आणि मी घाबरून एक्स्पोजर कमी करत होते. स्टाइल न्यूट्रल केली, कॉन्ट्रास्ट खाली आणला, मग अंदाज नीट येऊ लागला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मी एकत्रित हिस्टोग्राम बघत होते. त्यात सगळं सुरक्षित दिसत असताना चाफ्याच्या पिवळ्या गाभ्यात लाल चॅनल (चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी लाल) कधीच वरच्या टोकाला जाऊन बसला होता. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर असतात, निळा अगदी कमी. त्यामुळे पांढऱ्या पाकळ्या शाबूत असूनही पिवळ्याचा तपशील सपाट होऊ शकतो. ज्या जागी रंग ठेवायचा तीच जागा सपाट झाली तर पुढचं सगळं व्यर्थ. आता तिन्ही चॅनल वेगवेगळे दाखवणारा हिस्टोग्रामच लावून ठेवला आहे.

८ सप्टेंबर

आज प्रकाशावर दिवस घातला आणि तो सत्कारणी लागला.

ऊन सोडून सावलीत आले. सावल्या मऊ झाल्या पण फूल आजूबाजूच्या पानांचा रंग घेऊन आलं. डोळ्यांना हे अजिबात दिसत नाही. डोळा पांढऱ्याला पांढरंच म्हणतो. संगणकावर सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, मुद्दाम पूर्ण वाढवून बघितलं तर खालच्या पाकळ्या हिरवट, वरच्या निळसर. खाली गवत, वर मोकळं आकाश. प्रत्येक पाकळी जिकडे तोंड करून होती तिकडचा रंग तिने उचलला होता. हे एका व्हाइट बॅलन्सने (पांढरा पांढरा दिसावा म्हणून सगळ्या चित्राचा रंग सारखा सरकवण्याने) निघत नाही, कारण एकाच फुलावर दोन वेगळ्या छटा आहेत.

उपाय साधा निघाला. फुलाखाली करड्या कागदाचा तुकडा ठेवून गवत झाकलं आणि वर एक हात अंतरावर ट्रेसिंग पेपर धरला. हिरवा आणि निळा दोन्ही बहुतांशी गेले.

मग नवीन अडचण. प्रकाश इतका सगळीकडून सारखा झाला की पाकळ्यांच्या कडाच दिसेनात. चाफ्याच्या पाच पाकळ्या एकमेकींवर चढून फिरकीसारख्या बसलेल्या असतात. एका पाकळीची कड जिथे दुसरीवर येते, तिथली ती बारीक सावली हेच त्या फुलाचं सगळं रेखाटन. ती गेली तर उरतो पांढरा गोळा. मी रिफ्लेक्टर आणून आणखी प्रकाश टाकत बसले आणि दीड तास चित्र आणखी सपाट करत राहिले. हवा होता तो अंधार. काळ्या कार्डबोर्डच्या दोन पट्ट्या कापल्या, तळहाताएवढ्या, आणि फुलाच्या डाव्या-उजव्या बाजूला फ्रेमच्या जरा बाहेर उभ्या केल्या. पाकळीची कड एकदम उमटली, पेन्सिलने हलकी रेघ ओढावी तशी. डावी पट्टी फुलापासून चार बोटं, उजवी जरा लांब. दोन्ही सारख्याच अंतरावर ठेवल्या तर दोन्हीकडच्या कडा सारख्या गडद होतात आणि फूल कापून काढल्यासारखं दिसतं.

चाफा तोडून काम करणार असाल तर: देठातून चीक गळतो, तो काळ्या कार्डबोर्डवर पडला की पांढरा डाग राहतो. एक बोर्ड गेला. आणि पाकळीला बोट लावू नका. स्पर्श झाला तिथे काही वेळाने तपकिरी डाग उमटतो, मॅक्रोमध्ये तो भलताच मोठा दिसतो. आज तीन फुलं अशीच बाद झाली. देठाला चिमटा लावून फूल धरलं तर हा प्रश्न येत नाही.

१० सप्टेंबर

व्हाइट बॅलन्स. ऑटोवर ठेवल्यामुळे प्रत्येक फ्रेमचा पांढरा वेगळा. आता प्रत्येक जागेवर पहिली फ्रेम ग्रे कार्डची, मग त्यावरून सगळ्या. मोकळ्या सावलीत तापमान ७००० केल्व्हिनच्या पुढे मिळतंय, डेलाइटच्या ५५०० वर ठेवलं असतं तर सगळी फुलं निळी आली असती. दहा मिनिटांचं काम, पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

१४ सप्टेंबर

प्राजक्त. हे फूल संध्याकाळी उमलतं आणि पहाटे गळतं, त्यामुळे वेळ आपण ठरवायची नाही. साडेपाचला झाडाखाली होते. खाली आदल्या रात्री काळा कागद अंथरून ठेवला होता, फुलं त्यावर पडलेली मिळाली. कल्पना चांगली होती, पण दवाने कागद ओला होऊन फुगला आणि त्याच्या सुरकुत्या चमकायला लागल्या. पुढच्या वेळी कापड.

बहुतेक फुलं उपडी पडतात, देठ वर. सुलट पडलेल्या फुलाच्या मध्यभागी केशरी ठिपका तेवढा दिसतो. मला हवं होतं कुशीवर पडलेलं, पाकळ्यांची भिंगरी आणि देठ दोन्ही दिसेल असं. शे-दीडशे फुलांत तशी चार सापडली. हाताने फिरवून ठेवलेली फुलं फोटोत लगेच ओळखू येतात; पाकळ्या टेकण्याची पद्धतच वेगळी असते. म्हणून सापडली तीच घेतली.

मग फोकसची खोली. सेन्सरवरची प्रतिमा फुलाच्या निम्म्या मापाची असताना एफ/८ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) माझ्या सेन्सरवर जेमतेम २ मिमी खोली स्पष्ट येते. फुलाची पाकळी ते देठाचं टोक हे अंतर त्याच्या कितीतरी पट. एफ/२२ वर गेले तर सगळं जरा जरा स्पष्ट आणि काहीच नीट स्पष्ट नाही. इतक्या लहान छिद्रातून डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे प्रकाश कडेशी पसरल्यामुळे, बारकावे मऊ होतात. प्राजक्ताच्या पाकळीवरच्या शिरा तिथे पुसल्या गेल्या. शेवटी एफ/८ ठेवून फोकस थोडा थोडा सरकवत १२ फ्रेम घेतल्या, हगिन या फोटो जोडण्याच्या प्रोग्रॅमसोबत येणाऱ्या साधनांनी जुळवून एक चित्र केलं.

पहिले तीन संच फुकट. एकात झुळूक आली. दुसऱ्यात मी फोकस रिंग दोनदा एकाच जागी ठेवली आणि मधे एक पट्टी अस्पष्ट राहिली. तिसऱ्याचं कारण घरी येऊन कळलं: शेवटच्या फ्रेमपर्यंत पाकळीची टोकं आत वळली होती. पहिली आणि बारावी फ्रेम यांच्यात चार मिनिटं गेली होती, कारण मी प्रत्येक फ्रेम पडद्यावर मोठी करून तपासत बसले. चौथा संच न तपासता पन्नास सेकंदांत उरकला. तोच जमला. सात वाजेपर्यंत फुलं मलूल झाली होती.

२० सप्टेंबर

डार्कटेबलमध्ये चाफा उघडला आणि पाकळ्या जळलेल्या दिसल्या. पोटात गोळा आला. एवढं सांभाळून घेतलेलं एक्स्पोजर! फाइल ठीक होती. उघडताना डार्कटेबल स्वतःहून एक्स्पोजर थोडं वाढवतं. सर्वसाधारण दृश्याला ते बरं पडतं, पांढऱ्या फुलाला नाही. ते शून्यावर आणलं की पाकळ्या परत आल्या. कुणाला असं दिसलं तर फोटो टाकून देण्याआधी हे बघा.

मग पहिल्यांदा रंग काढला. गिंपमध्ये लेयरची (चित्राच्या थराची) प्रत, वरची डिसॅच्युरेट म्हणजे करडी, तिला मास्क (थराचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा मुखवटा; काळा तिथे थर लपतो), मास्कमध्ये गाभ्यावर काळा ब्रश. अर्ध्या तासात झालं आणि मला आवडलंही. आईला दाखवलं. ती म्हणाली, "फूल आजारी दिसतंय गं. आणि ते पिवळं वरून चिकटवल्यासारखं वाटतंय." मी वाद घातला. रात्री परत बघितलं तर तिचं दोन्ही खरं होतं.

२१ ते २४ सप्टेंबर

आजारी का दिसतं ते शोधायला चार संध्याकाळी गेल्या. १०० टक्के मोठं करून बघितल्यावर पिवळ्याभोवती करड्या रंगाचं मळकट कडं दिसलं, डोळ्याखालच्या काळ्या वर्तुळासारखं. आधी मास्कच्या कडेवर संशय घेतला. फेदर (कड किती मऊ ते) १० पिक्सेल, मग ३०, मग ६०. कडं रुंद होत गेलं, गेलं नाही. ब्रश बदलला, मास्क पुन्हा काढला. तीन संध्याकाळी याच खटपटीत गेल्या.

दोष मास्कमध्ये नव्हताच. गिंपच्या डिसॅच्युरेटमध्ये पद्धत निवडता येते आणि माझी लाइटनेसवर होती. ही पद्धत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान चॅनल यांची सरासरी काढते. गाभा जिथे पांढऱ्यात विरघळतो तिथला फिकट पिवळा मी कलर पिकरने मोजला: लाल २५५, हिरवा २४०, निळा १५०. लाइटनेसने त्याचा करडा होतो २०२. शेजारची पाकळी २४० ला. म्हणजे उजळत जाणाऱ्या जागी मधेच खड्डा. डोळ्याला तो फिकट पिवळा पाकळीइतकाच उजळ दिसतो, कारण उजेडाचा अंदाज आपण मुख्यतः हिरव्यावरून आणि लालवरून घेतो, निळ्याचा वाटा थोडा. डोळ्याच्या याच कलानुसार चॅनलना वजन देणाऱ्या ल्युमा पद्धतीने त्याच पिक्सेलचा करडा २३५ च्या आसपास येतो. पद्धत बदलली, कडं गेलं. एक क्लिक.

मग प्राजक्तावरही तेच केलं. तिथे फरक उलट बाजूने जाणवला: देठ जिथे पाकळ्यांना मिळतो तिथली केशरी झाक आता हळूच पांढऱ्यात उतरते.

२८ सप्टेंबर

मास्क हाताने रंगवण्याऐवजी रंगावरून निवड करून बघितली, की पिवळा तेवढा ठेव आणि बाकी काढ. जोरात आपटले. पानांचा हिरवा आपण हिरवा म्हणतो पण त्यात पिवळा इतका असतो की पिवळा राखला की मागची पानंही अर्धवट रंगात राहतात. शिवाय पाकळ्यांच्या सावलीत पिवळट नॉइजचे (सेन्सरच्या खरखरीचे) ठिपके उरले, जणू फुलावर बुरशी आली आहे.

आता दोन्ही एकत्र वापरते. रंगावरून निवड करून मास्क तयार करायचा, मग गाभ्याभोवती ढोबळ वर्तुळ काढून त्याबाहेरचं सगळं पुसायचं. आतली बारीक कड निवडीने मिळते, बाहेरची घाण वर्तुळाने जाते. एका फुलाला वीस मिनिटं लागतात.

३ ऑक्टोबर

"चिकटवल्यासारखं" या शब्दाने माझी पाठ सोडली नव्हती. कडं गेल्यावरही ते थोडं उरलंच होतं. आज एका अपघाताने उत्तर मिळालं. डिसॅच्युरेट केलेल्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) चुकून १०० वरून ८५ टक्क्यांवर गेली आणि चित्र एकदम जिवंत झालं.

कारण नीट बघितलं. खऱ्या फुलात पिवळा गाभ्यावर संपत नाही. पाकळीवर त्याची उब थोडी चढलेली असते, आत शिरलेला प्रकाश ती पुढे नेतो. मी मास्कच्या रेषेबाहेर पूर्ण करडं करत होते, म्हणजे फूल जिथे स्वतः हळूहळू थांबतं तिथे मी भिंत घालत होते. आता पाकळ्यांमध्ये १२ ते १५ टक्के मूळ रंग ठेवते, मागच्या पानांमध्ये ५ च्या आत. आणि गाभ्याचं सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी कमी करते, मूळच्या ७५ टक्क्यांवर. भोवती रंग नसला की उरलेला रंग डोळ्याला आपोआप जास्त वाटतो. त्याला तेवढं खाली आणलं तर तो जागेवर बसतो.

प्राजक्ताला मात्र ७५ पुरत नाही, तो केशरी फारच आतुर आहे. ६० वर थांबले.

हे आकडे एका बैठकीत ठरवू नयेत. अर्ध्या तासात डोळा सरावतो आणि हात वाढत जातो. रात्री ठरवायचं, सकाळी चित्र अंगठ्याएवढं करून बघायचं. तेवढ्या आकारात रंगाचा ठिपका फुलाआधी दिसला तर अजून खाली.

७ ऑक्टोबर

दोन संध्याकाळचं काम पुन्हा करावं लागतंय, चूक माझी. डार्कटेबलमधून गिंपमध्ये जाताना तीन चित्रं जेपेगमध्ये काढली होती. पाकळ्यांमधला टोन जरा उघडावा म्हणून कर्व्ह (उजेडाच्या पातळ्या ताणणारी वक्ररेषा) लावला आणि जिथे उतार गुळगुळीत हवा तिथे पायऱ्या दिसल्या, पाण्याच्या ओसरत्या पातळीच्या खुणांसारख्या. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या, आणि पांढऱ्या पाकळीचं सगळं विश्व त्यातल्या वरच्या तीस-चाळीसांत. ती ताणली की फटी पडणारच. माझ्या कॅमेऱ्याच्या १४ बिट रॉमध्ये १६,३८४ आहेत, त्या मी स्वतःच्या हाताने फेकल्या. आता जेपेगऐवजी १६ बिट टिफ फाइल. फाइल जड होते, जुना संगणक धापा टाकतो, पण पाकळी पाकळीसारखी राहते. तिन्ही मास्क नव्याने.

१२ ऑक्टोबर

छपाई. चार कागद वाया.

पहिला: फार काळपट. माझा मॉनिटर गरजेपेक्षा खूप उजळ होता, त्यावर बघून चित्र गडद केलं होतं. दुसरा: उजेड ठीक, पण चाफ्याच्या एका पाकळीवर भोक पडल्यासारखं. तिथे मूल्य २५५ होतं, म्हणजे प्रिंटरने शाईच टाकली नाही, आणि चमकदार कागद तिथे तिरक्या प्रकाशात वेगळाच दिसतो. आता सर्वांत उजळ जागा २४५ ला थांबवते. तिसरा: पाकळीतली ती १२ टक्के उब गायब. कागदात उजळपणासाठी घातलेल्या द्रव्याने पांढरा निळसर होत होता. चौथा: तोच कागद, उब वाढवून भरपाई करायचा हट्ट. गाभा गेरूसारखा आला. हट्ट सोडून ते द्रव्य नसलेला मॅट कापसाचा कागद घेतला, मूळ फाइल परत लावली. पहिल्याच प्रिंटमध्ये बसलं.

१८ ऑक्टोबर

पाच चित्रं पक्की: तीन चाफा, दोन प्राजक्त. सहावं तगरीचं ठरवलं होतं. तिच्या गळ्याशी अगदी पुसट पिवळं असतं, ते रंगात ठेवायचं म्हणून मास्कही केला. काल रात्री मास्क काढून टाकला. एवढ्या पुसट रंगाला मुद्दाम वेगळं काढलं तर तो डाग वाटतो. तगर पूर्ण रंगात ठेवली, एकाही ठिकाणी हात न लावता, आणि बाकी पाचांच्या ओळीत ती सहज बसली.

आज आईला सहाही दाखवली. प्राजक्ताच्या एकावर ती बराच वेळ थांबली. मग विचारलं, "याच्यात तू काय केलंस?"

कुशीवरच्या दुसऱ्या प्राजक्तात देठाच्या टोकाला फोकस अजून जरा कच्चा आहे. झाड अजून फुलतंय. उद्या साडेपाचला जाते, या वेळी कापड घेऊन.